५२०डी की ५३०डी? आधी दुकानाचा गल्ला बघा

मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. कराडला केटरिंग आणि मंडपाचा व्यवसाय आहे त्याचा, वय ३१, तीन सीझन चांगले गेलेत. म्हणाला, "सर, पुण्यात दोन गाड्या बघून आलोय. दोन्ही बीएमडब्ल्यू ५ सिरीज, दोन्ही २०१४ च्या, दोन्ही डिझेल. ५२०डी साडेतेरा लाखाला सांगतायत, ५३०डी सोळाला. अडीच लाखात तीन लिटरचं इंजिन मिळतंय, सोडू कशाला?"

हा प्रश्न मला कळतो, कारण २०२१ मध्ये मी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता आणि ५३०डी घेतली होती. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

आधी गाडीबद्दल खरं ते सांगतो. ५२०डी मध्ये १९९५ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद १८४ एचपी. त्या वर्षीच्या ५३०डी मध्ये २९९३ सीसी, सहा सिलिंडर, २५८ एचपी. शंभरचा वेग गाठायला लहानीला साधारण ८ सेकंद, मोठीला सहाच्या आत. कागदावर दोन सेकंद काहीच वाटत नाहीत. पण खंबाटकी घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना ते दोन सेकंद पाठीला जाणवतात! सहा सिलिंडरचा तो गुळगुळीत आवाज लहान गाडीत येत नाही. ५२०डी थंडीत सकाळी सुरू केली की डिझेल गाडीच वाटते. हे मी नाकारणार नाही. ती गाडी मला आवडत होती, अजूनही आवडते.

आता पैशाकडे या. लोक पहिली भीती घालतात ॲव्हरेजची. ती भीती फुगवलेली आहे. समजा तुम्ही महिन्याला १००० किलोमीटर फिरता, लहान गाडी १३ देते आणि मोठी १०. वर्षाला फरक पडतो २७७ लिटरचा, ९० रुपयांनी धरला तर २५ हजार. म्हणजे महिन्याला दोन हजार. सोळा लाखाची गाडी घेणाऱ्याने दोन हजारासाठी रडू नये. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीच्या वर सगळ्यांना एकच, २०२२ च्या दरपत्रकात ७,८९७ रुपये. दोन लिटर असो की तीन, सारखाच.

मग फरक कुठे आहे? त्या अडीच लाखात आहे.

माझं सॅनिटरीवेअरचं दुकान आहे सांगलीत. माझ्याकडे माल वर्षातून सहा वेळा फिरतो, आणि सरासरी ८ टक्के सुटतात. अडीच लाखाचा माल एकदा फिरला की २० हजार, सहा वेळा फिरला की १ लाख २० हजार. तुमच्या धंद्याचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही घाला. पण हे गणित शोरूमच्या दारात कोणी करत नाही. तिथे सगळे डिझेलचं गणित करतात, कारण ते सोपं आहे.

मी पण केलं नव्हतं. ऑगस्टमध्ये गाडी आणली. सप्टेंबरात माझ्या नळांच्या कंपनीची दिवाळीआधीची स्कीम आली, रोख भरणाऱ्याला जादा ५ टक्के. दरवर्षी मी त्यात चार-पाच लाख टाकतो. त्या वर्षी खात्यात दीड लाख होते. त्याच महिन्यात गाडीचे दोन इंजेक्टर गेले. पार्ट यायला अकरा दिवस, बिल १ लाख ३८ हजार. बाबा काही बोलले नाहीत. ते काउंटरवर बसून गिऱ्हाइकाला "तो माल पुढच्या आठवड्यात येईल" असं सांगत होते, आणि मी गॅरेजमध्ये उभा होतो.

इथे कोणी म्हणेल, इंजेक्टर ५२०डीचेही जातात. जातात की. पण तिथे चार आहेत, इथे सहा. ऑइल जास्त लागतं, ग्लो प्लग जास्त. एक गेला म्हणून मेकॅनिक "सगळे बदलून घ्या" म्हणाला की तो गुणाकार सहाने होतो. आणि जुन्या गाडीत हे वाक्य ऐकायला मिळतंच.

दुसरी गोष्ट विकताना कळली. आपल्या भागात जुनी लक्झरी गाडी घ्यायला येणारा माणूस बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "ॲव्हरेज किती?" तीन लिटर म्हटलं की निम्मे तिथेच परत जातात. माझी गाडी विकायला पाच महिने लागले. पुण्या-मुंबईत हौशी गिऱ्हाईक असतं, ते मोठ्या इंजिनाला मुद्दाम शोधत येतं. सांगली-कराडला त्याची वाट बघत बसावं लागतं.

आणि "बिझनेसच्या नावावर घेतो, टॅक्स वाचेल" हे तर मी दर बॅचमध्ये ऐकतो. घसारा १५ टक्के मिळतो, दोन लिटरला आणि तीन लिटरला टक्का एकच. आपल्यासारख्या दुकानदाराला मोटारीवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. घरच्या वापराचा भाग सीए वेगळा काढायला लावतोच. टॅक्स वाचतो तो खर्च झालेल्या पैशावर, हे विसरू नका.

माझं मत असं: महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर हायवेवर फिरणारा, आणि गाडीचे पैसे धंद्यातून नाही तर बाजूला साठलेल्या पैशातून देणारा, त्याने बिनधास्त ५३०डी घ्यावी. तिथे ते इंजिन निवांत चालतं आणि पैसा वसूल होतो. बाकी सगळ्यांनी ५२०डी. वाचलेले अडीच लाख स्टॉकमध्येही लगेच टाकू नका. पहिलं वर्ष एक लाख गाडीच्या नावाने एफडीत ठेवा. "मग स्विफ्टच घ्या ना" असं म्हणणारे भेटतील. बरोबर आहे त्यांचं. पण हौस काय असते ते मला माहीत आहे, म्हणून मी हौस करू नका असं सांगत नाही.

लहान इंजिन म्हणजे बिनधोक, असंही समजू नका. दोन्ही इंजिनांची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती वाजायला लागली की काम मोठं. म्हणून गाडी थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, त्यात ५२०डी जास्त होत्या. कारण निघालं ईजीआर कूलरची गळती. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला त्याबद्दल विचारा. गिअरबॉक्स दोन्हीत झेडएफचा आठ स्पीडचा. "लाइफटाइम ऑइल आहे" असं विकणारा म्हणेल, पण खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. बदलल्याचं बिल मागा. आणि दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्त दिसली तर कारण हे की तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध २०१५ मध्ये हरित लवादाचा आदेश आला होता. इथे आणून एमएच नंबर घेताना टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो किमतीत धरा.

कराडच्या पोराला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, पण ५३०डीचा आवाज..." मी म्हटलं, माहितीये रे. नोव्हेंबरच्या लग्नांचे ॲडव्हान्स किती आलेत, आणि त्यातले किराण्याला किती जायचेत, ते आधी वहीत लिही. शनिवारी सकाळी सातला तो पुन्हा पुण्याला जातोय. ५२०डीवाल्याला सांगून ठेवलंय, गाडी सुरू करून ठेवू नका म्हणून.