सोवळ्यानं जंतू मरत नाहीत

माझी आय एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात आया होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. हे भांडण एका दवाखान्याशी नाही.

ताडीवाला रोडच्या झोपडपट्टीतनं ती पहाटे पाचला निघायची. रक्तानं माखलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या धुवायच्या हे तिचं काम. कात्रीच्या सांध्यात रक्त वाळून बसतं, ते ब्रशनं घासून काढायचं. मग हत्यारं कापडात बांधायची, ड्रममध्ये भरायची आणि ड्रम वाफेच्या यंत्रात, ऑटोक्लेव्हमध्ये, ठेवायचा. तिच्या हातचं पाणी ज्यांना चालत नव्हतं, त्यांच्या पोटात तिनं धुतलेली सुरी चालत होती. तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही.

१९८३ ची गोष्ट. मी आठवीत होतो. त्या दिवशी यंत्राचा काटा वर चढेना. आय म्हणाली, "सिस्टर, वाफ धरंना. ड्रम बाहेर काढू नका." सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर खोळंबलेत. तू तुझं काम कर." ड्रम गेला. पाच दिवसांनी एका बाईचे टाके पिकले. आठव्या दिवशी आयला मेमो आला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. 'कामात निष्काळजीपणा केल्याबद्दल.' आय म्हणाली, "म्यां तर सांगितलं व्हतं रं." मेमोत ते कुठंच नव्हतं. सिस्टरही नोकरदारच, त्यांच्या मानेवर डॉक्टरांची घाई. पण कागद उतरत उतरत थांबला तो सगळ्यांत खालच्या पायरीवर.

म्हणून आता जरा शास्त्र बोलू. वाफ जात बघत नाही. १५ पौंड दाब, १२१ अंश उष्णता आणि निदान १५ मिनिटं लागतात. बांधलेल्या गाठोड्याला जास्त वेळ. आतली हवा बाहेर गेली पाहिजे. ड्रम ठासून भरला तर मधल्या हत्यारापर्यंत वाफ पोचतच नाही. नुसत्या उकळत्या पाण्यानं धनुर्वाताच्या जंतूची बीजं मरत नाहीत. गाठोड्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उठल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. त्या एवढंच सांगतात की पट्टीला ताप लागला. जंतू खरंच मेले का, हे बघायला चिवट जंतूंची बीजं असलेली कुपी गाठोड्यांबरोबर आत ठेवतात आणि नंतर ती वाढतात का ते तपासतात. म्हणजे निर्जंतुकपणा तपासता येतो, नोंदवता येतो. सोवळ्याची तपासणी तीन हजार वर्षांत कुणी केली, दाखवा.

आता पुण्याचा इतिहास. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातल्या गांधींचं ॲपेंडिक्स ससूनमध्ये कर्नल मॅडॉकनं कापलं. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं. कैदी दगावला तर देश पेटेल, हे इंग्रजाला ठाऊक होतं. चांगलं झालं. पण आमचं माणूस टेबलावर झोपतं तेव्हा काय पेटणार असतं? फार तर एक चूल विझते.

पुण्याचाच दुसरा इतिहास. १८९७ चा प्लेग. यशवंतानं हडपसरजवळ माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांचे पुतळे उभे राहिले. रोग्याची घाण उपसणारा हात मात्र अजून ठेकेदाराच्या हजेरीवर आहे.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत, जोगेश्वरीच्या महापालिका ट्रॉमा रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या सात जणांपैकी पाच जणांचा एकेक डोळा गेला. सापडला तो स्यूडोमोनास, ओलाव्यात वाढणारा जंतू. गरीब माणूस उजेड मागायला गेला आणि अंधार घेऊन घरी आला.

नोव्हेंबर २०१४, छत्तीसगडात बिलासपूरजवळ. एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायांच्या नसबंद्या केल्या. तिथल्या त्या दिवसांतल्या शिबिरांत मिळून १३ बाया मेल्या. सरकारनं गोळ्यांकडे बोट दाखवलं. असेल. पण एक दुर्बीण ८३ वेळा निर्जंतुक करायला किती तास लागतात, हा हिशेब कुणी केला? आपलं राज्यही मागं नव्हतं. सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९७६ साली आपल्याच विधिमंडळानं मंजूर केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. आमच्या बायांच्या निर्बीजीकरणाची घाई आहे, हत्यारांच्या निर्जंतुकीकरणाला मात्र सवड नाही.

दोष वर जात नाही असं नाही. नेला तर जातो. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीननं १४ रोगी मेले. लेंटिन आयोगानं खोदत खोदत थेट मंत्रालय गाठलं आणि १९८८ साली आरोग्यमंत्री भाई सावंतांची खुर्ची गेली. पण एका वॉर्डातल्या एका बाईचे टाके पिकले तर आयोग बसत नाही. आयेला मेमो मिळतो.

तेव्हा दया नको, मोर्च्याला चहाही नको. आमचं मागणं एवढंच. प्रत्येक ड्रमची तारीख, वेळ, दाब आणि तपासणी लिहिलेली वही थिएटरच्या दाराशी टांगा, रोग्याच्या नातेवाइकाला वाचता येईल अशी. हत्यार धुणाऱ्याला शिकवा, जाड हातमोजे द्या, कायम करा. घाणकचरा हाताळणाऱ्याला कावीळ-बीची आणि धनुर्वाताची लस दिलीच पाहिजे, असं २०१६ च्या नियमांत लिहिलंय. कुणाला टोचली ते दाखवा. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, धुणाऱ्या बाईनं "ड्रम तयार नाही" म्हटलं की ऑपरेशन थांबलं पाहिजे. ती तसं म्हणाली, हे तिच्या नावानिशी वहीत चढलं पाहिजे.

आणि आपल्या माणसांनो, तुम्हीही तोंड उघडा. टेबलावर झोपायच्या आधी विचारा, "हत्यारं कधी काढली? वही दाखवा." डोळे वटारतील, वटारू द्या.

आय गेली त्याला बरीच वर्षं झाली. तो मेमो माझ्याकडे आहे. खाली तिचा अंगठा आहे. तो अंगठा चुकीची कबुली म्हणून घेतला होता. मी तो साक्ष म्हणून जपलाय.