पडदा काळा, पण बिघाड कुठला?

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाले आणि संगणक आपल्या वस्त्यांपर्यंत येऊन पोहोचला. आज कोणी मुलीच्या परीक्षेसाठी, कोणी मुलाच्या डिप्लोमासाठी राजारामपुरीतून वापरलेला का होईना पण एक संगणक घरी आणतो. नवा घेण्याइतका पैसा हातात असतोच कुठे? पण जुने यंत्र म्हटले की दुखणी आली. त्यात संगणकाचे दुखणे मोठे फसवे. असते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. नीट न पाहता भाग बदलत गेले, तर कष्टाचा पैसा जातो आणि यंत्र मात्र तसेच बंद राहते.

घड्याळाच्या सेलचेच पाहा ना. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, मुदत दोन दिवसांवर आली आहे आणि साइट काही केल्या उघडत नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. मोबाइलवर तेच नेट व्यवस्थित चालते. शेजारचा पोरगा म्हणतो, व्हायरस आहे, विंडोज नवे टाका. कोणी सांगतो, मदरबोर्ड गेला. अशा वेळी आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. तिथे २००९ किंवा २०१२ सालचा जानेवारी दिसला, तर व्हायरसही नाही आणि बोर्डही गेलेला नाही. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणक ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच बारा-पंधरा वर्षे मागे गेले, तर आजचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटणारच!

हे घड्याळ यंत्र बंद असताना चालते ते बोर्डावरच्या बटणासारख्या चपट्या सेलवर. सीआर २०३२ हे त्याचे नाव, दाब ३ व्होल्ट. एका मिसळीपेक्षा कमी पैशात तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपली सवय चांगलीच आहे, मात्र त्यामुळे सेल थोडा लवकर संपतो. अर्जाची घाई असेल तर तूर्त तारीख आणि वेळ हाताने दुरुस्त करावी, साइट उघडेल. सेल दुसऱ्या दिवशी आणला तरी चालतो.

दुसरा फसवा प्रकार आपल्या कोल्हापुरात पावसाळ्यात फार. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा. लोक मॉनिटर बदलायला निघतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली. नदीकाठच्या वस्त्यांतून लोकांनी डोक्यावरून, रिक्षातून संगणक हलवले. असे हलवलेले यंत्र पाण्याचा थेंब न लागताही बंद पडू शकते. प्रवासातल्या धक्क्यांनी रॅमची पट्टी खाचेतून किंचित वर येते, दमट हवेने तिच्या सोनेरी टोकांवर थर बसतो. मग 'पुरात गेला' म्हणून चांगला संगणक भंगारात जातो. वायर काढून, दोन मिनिटे थांबून, पट्टी बाहेर काढावी. टोके स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावीत, बारीक चुरा झटकावा आणि पट्टी दोन्ही बाजूंनी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी.

ज्या यंत्रात खरेच पुराचे पाणी शिरले, त्याची गोष्ट वेगळी. बाहेरून वाळलेले दिसले तरी आत गाळ असतो आणि ओलसर गाळातून वीज वाहते. ते साफ करून पूर्ण वाळवल्याशिवाय बटण दाबू नये. विजेचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहतो.

चालता चालता यंत्र बंद पडत असेल तर वेळ टिपून ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी, जड काम चालू असताना पडत असेल तर बहुधा उष्णता. एका खोलीच्या घरात फोडणीचा धूर आणि धूळ पंख्यावर चिकटून बसते. मिक्सर किंवा पाण्याची मोटर लावताच पडत असेल तर घरच्या विजेचा दाब किंवा ढिला प्लग पाहावा. काहीच मेळ बसत नसेल तर वायरमनकडून यंत्र चालू असताना पिवळ्या वायरवरचा दाब मोजून घ्यावा. तो १२ व्होल्ट हवा. ११.४ च्या खाली उतरला तर एसएमपीएस थकला.

कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील, तर मात्र बहुतेकदा दोष भिंतीत असतो. सॉकेटला अर्थिंग नसते, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून आपणच ते तोडलेले असते. तेव्हा आधी वायरमन बोलवावा आणि तोपर्यंत मुलांना यंत्रापासून दूर ठेवावे.

हार्ड डिस्कबाबत एकच सांगतो. ती दिसेनाशी झाली तर आधी तिची चपटी केबल बदलून पाहावी. दुकानदार तपासणीचा कार्यक्रम लावेल, तेव्हा त्याला दोन आकडे विचारावेत. 'सीआरसी एरर' वाढत असतील तर संशय केबलवर. 'रीअलोकेटेड सेक्टर' वाढत असतील तर डिस्क खरेच झिजली आहे, मुलांचे दाखले आणि फोटो त्याच दिवशी दुसरीकडे उतरवावेत. यंत्र दुरुस्तीला देताना डिस्कवरचा नंबर वहीत लिहून ठेवावा, आणि जो भाग बदलला तो जुना भाग मागून घ्यावा. पैसे आपण दिलेले असतात, मागायला संकोच कसला?