चार बाटल्यांची परीक्षा

गेल्या महिन्यांत पुण्याहून भोरला जातांना चिरंजीवांची डिझेल मोटार कामथडीपाशीं भर महामार्गावर थरथरूं लागली. प्रथम भेटलेल्या मिस्त्रीनें चारही इंजेक्टर बदलावयास सांगितले. रक्कम नातीच्या वर्षाच्या फीइतकी. सूनबाई गप्पच झाल्या.

दुसरा मिस्त्री जुन्या वैद्यासारखा, नाडी पाहिल्याविना औषध न देणारा. त्यानें प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीस एकेक बाटली जोडून इंजिन चालविलें. तीन बाटल्यांत थोडें, चौथींत मात्र तिप्पट डिझेल जमलें! झिजलेला इंजेक्टर तेल असें मागें दवडतो आणि दाब पडतो. १९९७ पासून मोटारींत आलेल्या 'कॉमन रेल' रचनेंत हा दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो. तो उतरल्याविना पेच सैल करूं नये. बारीक धार थेट कातडींत शिरते.

एकच इंजेक्टर बदलला. त्याखालीं तांब्याचा वॉशर नवाच हवा; जुना राहिल्यास तेथून वायु निसटतो. शेवटीं इंजेक्टरवर कोरलेला संकेतांक इंजिनाच्या संगणकांत भरला. पुष्कळ गाड्यांत तो लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. आम्हीं तर तो दोनदां वाचून दाखविला, मास्तरकीची खोड!

फी मुदतींत भरली गेली.