सभ्य विनोदाची सोय

गेल्या महिन्यांत शाहूपुरींतील एका घरगुती बैठकींत एक विद्वान् गृहस्थ म्हणाले कीं, मराठी उपहासलेखनाचा आरंभ 'सुदाम्याच्या पोह्यां'पासून. त्यापूर्वींची सामाजिक टीका म्हणजे निव्वळ शिवीगाळ. मीही भिडेखातर गप्प राहिलों; तें ऋण येथें फेडीत आहें.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा अधिकार मला मान्य आहे. पोकळ कर्मठपणाची त्यांनीं उडविलेली टर आजही ताजी वाटते. परंतु त्यांच्या पुष्कळ आधीं, १८५५ सालीं, जोतीराव फुल्यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें होतें. गरोदर कुणबिणीला ग्रहांचें भय घालून जोशी त्या दांपत्याला कसें नागवतो, एवढीच कथा. पण मधूनमधून विदूषक तोंड घालतो, जोशाचा कावा उघडा करतो आणि पाहणाऱ्यास हंसतां हंसतां खजील करतो. संस्कृत नाटकांतला विदूषक जातीनें ब्राह्मण, राजाचा सोबती आणि लाडवांवर डोळा ठेवणारा. फुल्यांनीं त्याला कुणब्याचा वकील केलें. ही कल्पना लहान नव्हे! दक्षिणा प्राइझ कमिटीनें नाटक नाकारलें, आणि तें छापून वाचकांच्या हातीं पडावयास १९७९ साल उजाडावें लागलें. जें जवळजवळ सव्वाशें वर्षें कोणी वाचलेंच नाहीं, त्याला शिवीगाळ ठरविण्यास मात्र आम्हांस क्षणाचाही विलंब लागत नाहीं.

टीका असावी, पण भाषा सभ्य असावी, असा ह्यावर ठराविक आक्षेप येतो. ठीक आहे. १९०७ सालीं खाडिलकरांचें 'कीचकवध' रंगभूमीवर आलें. कीचकांत लोकांस लॉर्ड कर्झन दिसला व १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. रंगभूमीवर कीचक मारला जात असतां आमच्या सुशिक्षितांनीं सभ्यतेची चौकशी केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. तेव्हां अडचण भाषेची नसून नेम कोणावर धरला ह्याची आहे.

सभ्य भाषेनें तरी काय साधतें? १९१३ सालीं, नेपोलियनच्या जोखडांतून सुटल्यास शंभर वर्षें झालीं म्हणून डचांनीं जावा बेटांतही उत्सव मांडला, आणि त्यासाठीं तेथल्या गुलाम प्रजेकडूनही वर्गणी मागितली. सुवार्दी सूर्यनिंग्रात ह्या जावानी तरुणानें डचांच्याच भाषेंत एक लेख लिहिला. मी डच असतों तर, अशा अर्थाचा त्याचा मथळा. मी डच असतों तर ज्यांचें स्वातंत्र्य घेतलें त्यांच्याच खर्चानें आपल्या स्वातंत्र्याचा सोहळा करण्यास लाजलों असतों, असा त्याचा भावार्थ. एकही शिवी नाहीं, सारें अदबीनें. तरी हद्दपारी चुकली नाहीं. हाच पुरुष पुढें की हाजर देवांतारा ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला. १९२२ सालीं त्यानें योग्यकर्त्यास 'तामान सिस्वा' ही शिक्षणसंस्था काढली, स्वतंत्र इंडोनेशियाचा तो पहिला शिक्षणमंत्री झाला, आणि त्याचा जन्मदिवस, २ मे, तेथें शिक्षणदिन म्हणून पाळतात.

'तृतीय रत्ना'चा लेखकही शाळा काढणाराच होता. नाटकाच्या शेवटीं तें कुणबी जोडपें रात्रीच्या शाळेची वाट धरतें. पुढें सत्यशोधक जलशांनीं तोच धागा उचलला व तमाशाच्या साच्यांत सोंगाड्याच्या तोंडून भटजी-सावकारांची लबाडी गांवोगांव मांडली. आणि हें सारें वाङ्मयाबाहेरचें, असें कोठें ऐकावें, तर ज्या शाहू महाराजांनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा ५० जागा राखून ठेविल्या, त्यांच्याच नांवाच्या पेठेंत!

पुढील बैठकींत 'तृतीय रत्न' मोठ्यानें वाचावयाचें मीं यजमानांकडून कबूल करून घेतलें आहे. विदूषकाचें काम माझ्याकडे. जोशाचें कोणी करावें, तें त्या विद्वान् गृहस्थांनींच सुचवावें.