मावळे आहेत, भिडू कुठे आहेत?

बालमित्रांनो,

दिवाळीचा किल्ला अजून अंगणात उभा आहे ना? की सडा टाकताना अर्धा बुरूज वाहून गेला? किल्ला गेला तरी मावळे तुम्ही नक्कीच उचलून ठेवले असतील. कुणाच्या खोक्यात तोफ असेल, कुणाच्या खोक्यात घोडेस्वार, तर कुणाकडे हात मोडलेला पहारेकरी! जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ही सगळी फौज आता माळ्यावर जाणार आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथंच झोपणार.

मला विचाराल तर ही फौज वर्षातले अकरा महिने नुसती बसून खाते! चला, तिला कामाला लावू या. या मावळ्यांचा खराखुरा खेळ होऊ शकतो. त्यात नियम, डावपेच, हार-जीत सगळं काही असतं. त्यासाठी फक्त एक गोष्ट लागते, आणि ती कुठल्याच बाजारात विकत मिळत नाही. ती म्हणजे समोर बसणारा भिडू. आज आपण हे भिडू कसे जमवायचे आणि जमलेले कसे टिकवायचे, ते पाहू.

छोट्या फौजा, मोठा इतिहास

छोट्या शिपायांची लढाई खेळणं ही काही नवी गोष्ट नाही, बरं का! आपल्या देशात फार जुन्या काळी 'चतुरंग' नावाचा खेळ होता. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यातूनच पुढं बुद्धिबळ जन्माला आलं. इराण, अरबस्तान असा प्रवास करत ते युरोपात पोचलं. तिथं १७८० साली जर्मनीतल्या हेलविग यांना वाटलं, की खऱ्या लढाईला चौसष्ट घरं पुरत नाहीत. त्यांनी शेकडो घरांचा पट केला आणि त्यावर नद्या, डोंगर, गावंसुद्धा दाखवली.

पुढं १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं 'लिटल वॉर्स' म्हणजे 'छोट्या लढाया' नावाचं पुस्तक लिहिलं. खेळण्यातल्या शिपायांनी जमिनीवर लढाई कशी खेळायची, याचे नियम त्यात आहेत. पायदळानं एका डावात एक फूट जायचं, घोडेस्वारानं दोन फूट. आहे ना सोपं? वेल्स यांचं म्हणणं होतं, की माणसांनी खऱ्या लढायांपेक्षा अशा खोट्या लढाया खेळाव्यात, त्यात कुणाचा जीव जात नाही. जगानं ऐकलं नाही. दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आता अमेरिकेतल्या एका लहानशा गावात जाऊ. गावाचं नाव लेक जिनिव्हा. तिथं राहणारे गॅरी गायगॅक्स आपल्या घराच्या तळघरात वाळूचा पट मांडून मित्रांबरोबर शिपायांचा खेळ खेळायचे. खेळणारे मोजकेच होते. १९६८ साली त्यांनी गावातलं एक सभागृह एका दिवसासाठी भाड्यानं घेतलं आणि लांबलांबच्या खेळाडूंना बोलावलं. शंभराच्या आसपास माणसं आली. तो मेळावा पुढं दरवर्षी भरू लागला. त्याचं नाव 'जेन कॉन'. २०२४ साली इंडियानापोलिस शहरात भरलेल्या जेन कॉनला ७० हजारांवर माणसं आली होती!

सांगली आणि एक चहाचं दुकान

"बाई, ते अमेरिकेत झालं. आपल्याकडं कुठं असं होतं?" असं तुम्ही म्हणाल. मग आपल्या सांगलीकडं पाहा. तिथं भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं, स्पर्धा भरवल्या. सांगलीनं देशाला भाग्यश्री साठे-ठिपसे दिल्या, स्वाती घाटे दिल्या. भाग्यश्रीताई पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९८७ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. गावात खेळायला आणि शिकवायला माणसं असली, की मोठे खेळाडू घडायला वेळ लागत नाही.

आणखी एक गाव सांगते. केरळात त्रिशूर जिल्ह्यात मरोट्टिचाल नावाचं खेडं आहे. एके काळी तिथले बरेच लोक दारू आणि जुगाराच्या नादी लागले होते. गावात उन्नीकृष्णन नावाचे गृहस्थ चहाचं दुकान चालवतात. ते स्वतः बुद्धिबळ शिकले आणि दुकानात येईल त्याला फुकट शिकवू लागले. एकानं दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आज ते 'बुद्धिबळाचं गाव' म्हणून देशभर ओळखलं जातं.

आता सांगा पाहू, तळघर, मंडळ आणि चहाचं दुकान या तिन्हींत सारखं काय आहे? भारी सामान? मुळीच नाही. तिन्ही ठिकाणी बसायची एक जागा ठरलेली होती, आणि नव्या माणसाला "ये, बस, शिकवतो" म्हणणारं कुणीतरी तिथं होतं. गुपित काय ते एवढंच!

परंड्याचा वेढा

भिडू जमवायचे तर खेळ हवा. आपल्या जिल्ह्यातला परंड्याचा भुईकोट किल्ला तुम्ही पाहिला असेल. नसेल तर सहलीला तिथंच चला म्हणून गुरुजींच्या मागं लागा. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ आधी याच किल्ल्यात होती. १६३४ साली मुघलांनी परंड्याला वेढा घातला. शहजादा शुजा आणि महाबतखान मोठी फौज घेऊन आले होते, पण चाऱ्याची टंचाई झाली, पावसाळा तोंडावर आला आणि वेढा उठवून त्यांना परत जावं लागलं. आपला खेळ त्याच वेढ्याचा. घ्या लिहून :

१) जमिनीवर खडूनं चार हात लांब, चार हात रुंद चौकोन आखा. मधोमध किल्ला मांडा. मातीचा नसेल तर काड्यापेट्यांचा तट चालेल. भोवती खंदक आखा. आत मध्यभागी निशाण लावा.

२) किल्ल्यात सहा शिपाई, बाहेर दहा. बाहेरच्यांतले दोन घोडेस्वार. ओळख पटावी म्हणून एका फौजेला लाल दोरा बांधा, दुसरीला निळा.

३) आळीपाळीनं डाव घ्यायचा. एका डावात आपले कुठलेही तीन शिपाई हलवायचे. पायदळ एक वीत जाईल, घोडेस्वार दोन वीत. कुणाची वीत लहान, कुणाची मोठी, म्हणून सुतळी कापून घ्या आणि दोघांनी तीच वापरा. भांडण नको!

४) खंदक ओलांडायला एक पूर्ण डाव लागतो. तट चढायला आणखी एक.

५) दोन शत्रू चार बोटांच्या अंतरात आले की लढाई. चार चिंचोके घ्या, फरशीवर घासून त्यांची एक बाजू पांढरी करा. दोघांनी ते एकेकदा टाकायचे. ज्याच्या पांढऱ्या बाजू जास्त, तो जिंकला. हरलेला शिपाई बाहेर. बरोबरी झाली तर दोघंही जागेवर. तटाच्या आत असणाऱ्याला एक गुण जादा.

६) बाहेरच्यांना बारा डाव मिळतील. तेवढ्यात एखादा शिपाई निशाणापाशी पोचला तर किल्ला पडला. नाही पोचला तर पावसाळा आला, वेढा उठला!

चार-पाच वेळा खेळून पाहा. एकच बाजू सारखी जिंकायला लागली तर सगळ्यांनी मिळून शिपाई कमी-जास्त करा. नियम आपले आहेत. फक्त चालू डावात बदलायचे नाहीत.

भिडू कसे वाढतील?

पहिलं काम, वार आणि जागा ठरवा. शनिवारची शाळा सकाळची असते, म्हणून शनिवारची दुपार छान. शाळेचा ओटा, गावातला पार, कुणाची पडवी, काहीही चालेल. दोघंच आले तरी डाव मांडायचा. "आज कुणी येणार नाही" असं एकदा ठरलं, की पुढच्या शनिवारी खरंच कुणी येत नाही.

दुसरं, नियम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. नियम एकाच्याच डोक्यात असले, की तो आजारी पडला तर खेळही आजारी पडतो.

तिसरं, नवा भिडू आला तर त्याला पहिल्या डावात आपल्या बाजूला घ्या. चिंचोके त्याला टाकू द्या. दुसऱ्या डावात समोर बसवा, पण आपले दोन शिपाई कमी ठेवा. पहिल्याच दिवशी सपाटून हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी क्रिकेटकडं पळणार, हे लक्षात असू द्या.

चौथं काम सगळ्यांत महत्त्वाचं. एक वही करा. त्यात कोण किती वेळा जिंकलं ते लिहू नका. कुणी कुणाला खेळ शिकवला, ते लिहा. ज्यानं जास्त जणांना शिकवलं, तो आपल्या मंडळाचा सेनापती! मग बघा, हुशार खेळाडू स्वतःहून नवे भिडू शोधत फिरतील.

पाचवं, कुणालाही दारातून परत पाठवू नका. मुलींना "हा मुलांचा खेळ" म्हणणाऱ्याला आधी भाग्यश्रीताईंचं नाव सांगा. एखाद्याला लढायला आवडत नसेल, पण मातीचे शिपाई सुरेख करता येत असतील. एखादी पंच चांगली होईल. आणि आजीला विसरू नका! वाघ-बकरी, अष्टचम्मा, सारीपाट खेळलेली आजी समोर बसली, की भल्याभल्यांचे किल्ले पडतात.

ऊसतोडीला गेलेले भिडू

आता खरी अडचण सांगते. दसरा-दिवाळी झाली, की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली माणसं ऊसतोडीला निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, पण काही आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातात. वर्गात जागा रिकाम्या होतात. बारा भिडूंचं मंडळ एका आठवड्यात सातांवर येतं. पाडव्याच्या सुमारास ती मुलं परत येतात तेव्हा अभ्यास पुढं गेलेला असतो. मग ती गप्प होऊन मागं बसतात. कालपर्यंत आपल्याबरोबर हुंदडणारा मित्र पाहुण्यासारखा वागायला लागतो.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येक भिडूला एक पिशवी द्या. तिच्यात चार चिंचोके, सुतळीचा तुकडा, लाल-निळा दोरा आणि नियमांचा कागद. मातीचे मावळे वाटेत फुटतील, तेव्हा शिपाई म्हणून सोळा गुंड्या घाला. कोपीपुढच्या मोकळ्या जागेत काडीनं चौकोन आखला, की परंडा तयार! तिथं बीडची, जालन्याची, आणखी कुठकुठली मुलं भेटतात. त्यांना आपला भिडू खेळ शिकवील. इथं आपण बसल्या जागी चार जणांना शिकवू, तर तिथं तो चार गावच्या मुलांना शिकवून येईल. परत आल्यावर वहीत पहिलं नाव कुणाचं लागेल? सांगा बरं!

इकडं राहिलेल्यांनीही एक करायचं. त्याचा मावळा त्याच्या नावाची चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवायचा. तो आला की पहिल्या शनिवारी पहिला डाव त्याचा. अभ्यासात तो थोडा मागं पडला असेल. पण पटावर तो बाकीच्यांना काहीतरी नवं शिकवणारा असेल. ज्याच्याकडून आपण शिकतो, त्याला वर्गात मागं बसू देत नाही. खरं ना? मग गणितात त्याला हात द्यायलाही कुणीतरी पुढं होईलच.

आई-बाबांशी दोन शब्द

पालकहो, मुलं चिंचोके टाकतात म्हणून रागावू नका. पैशाची, गोट्यांची, कसलीच पैज लावायची नाही, हा नियम मात्र तुम्ही घालून द्या. या खेळात मोजमाप आहे, बेरीज आहे, आपली पाळी येईपर्यंत थांबणं आहे, आणि हरल्यावर उठून न जाणं आहे. मोबाइलवरच्या खेळात हरलं की बटण दाबून बंद करता येतं. इथं समोर मित्र बसलेला असतो. आठवड्यातून एखादा तास पडवी मोकळी करून द्या आणि जमलं तर एक डाव स्वतःही खेळा.

मग बालमित्रांनो, माळ्यावरचं खोकं कधी खाली काढताय? येत्या शनिवारी डाव मांडा. पहिल्या दिवशी किती जण आले आणि महिन्यानंतर किती झाले, ते पत्रानं कळवा. तुम्ही नियमांत काही गंमतशीर बदल केलात तर तेही लिहा. आणि हो, पत्रात शेवटी एक नाव लिहायला विसरू नका : तुम्ही ज्याला खेळ शिकवलात, त्याचं!

तुमची,
बाई