टाकीतला विग्रह

धाकट्या भावाने नवीकोरी टर्बो मोटार लोणंदला आणून दारात उभी केली आणि 'आईला दवाखान्यात न्यायला असू दे' म्हणून तो पुण्याला परत गेला. मी मराठीचा प्राध्यापक. कॉलेज दहा मिनिटांच्या चालीवर. मोटार निघायची ती महिन्यातून एकदा, कांदा मार्केटपर्यंत. आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी गावात मुक्कामाला आली, तेव्हा वारकऱ्यांना पडवी मोकळी करून देण्यासाठी मी ती लिंबाखाली नेली. वारकरी गेले, मोटार तिथेच भिजत राहिली.

भाद्रपदात एका रात्री आईला धाप लागली. मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकले, आईपेक्षाही जोरात, आणि गप्प झाले. शेवटी शेजारच्या बापूंनी कांद्याचा टेम्पो काढला आणि आई गोणपाटावर बसून फलटणला पोहोचली. वेळेवर पोहोचली, एवढेच म्हणतो. त्या रस्त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

मिस्त्रीने टाकीच्या तळाचे पेट्रोल बाटलीत काढून दाखवले. बाटलीत दोन थर! आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी मग प्रयोगशाळेत गंमत केली. नळकांड्यात पेट्रोल घेतले, त्यात थोडे पाणी ओतले आणि हलवून ठेवले. खालचा थर ओतलेल्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट झाला!

आपल्या पेट्रोलमध्ये २०२२ साली शंभरात दहा भाग इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, होता. २०२५ पर्यंत वीस भाग झाला. हा मद्यार्क दोन्ही घरचा पाहुणा. थोडे पाणी असले तर पोटात घालून पेट्रोलबरोबर नांदतो. पाणी वाढले की पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाला बसतो. आम्ही व्याकरणवाले याला समासाचा विग्रह म्हणू. पंप ओढतो तळाचेच, आणि पाणी धरलेला मद्यार्क लोखंडाला गंज चढवतो. वर उरलेले पेट्रोलही दुबळे. टर्बोच्या दाबाखाली ते अवेळी पेटते आणि इंजिन ठोके देते.

"म्हणजे माझ्या उसाला बोल लावतोस होय रे?" मामा कडाडले. त्यांचा ऊस कारखान्यात जातो, मळीचा मद्यार्क होतो. मामांचे म्हणणे खोटे नव्हते. नुसत्या दमट हवेने एवढे पाणी साचत नाही. आमच्या टाकीच्या झाकणाचे रबर गेले होते आणि वरून पावसाळाभर धार. शिवाय एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-धातू या मिश्रणाला चालतील असेच असतात, आणि आमची त्यातलीच. दोष उसाचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

सरांनी आणखी एक सांगितले. पेट्रोल जळले की पाण्याची वाफ होतेच. मार्केटपर्यंतच्या फेरीत इंजिन तापत नाही. मग ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते, अर्धवट पेट्रोलही ऑइलात उतरते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तो याच ऑइलाच्या भरवशावर!

टाकी धुतली, झाकण बदलले. बिलाचा आकडा मी भावाला कळवला नाही. आता टाकी भरलेली ठेवतो आणि दर रविवारी आईला घेऊन फलटणच्या रामाला जाऊन येतो. आई ऐटीत पुढच्या सीटवर बसते. निघताना मात्र बापूंना हाक मारून विचारते, "टेम्पोत डिझेल आहे ना रे?"