विश्लेषण : ऊब वाचवणारं यंत्र बसवलं, तरी ब्रिटनमध्ये घराचं रेटिंग का वाढत नाही?

फ्रिज किंवा एसी घेताना आपण त्यावरचे स्टार आधी बघतो. ब्रिटनमध्ये असं लेबल अख्ख्या घराला असतं. घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल, तर एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट म्हणजेच 'ईपीसी' लागतं. यात 'ए' सर्वांत चांगलं आणि 'जी' सर्वांत वाईट. इंग्लंड आणि वेल्समध्ये 'ई'पेक्षा कमी रेटिंगचं खासगी घर, काही अपवाद सोडले तर, भाड्याने देता येत नाही. 2030 पर्यंत ही मर्यादा 'सी'वर नेण्याचा प्रस्ताव सरकारने मांडल्यापासून रेटिंग कसं वाढवायचं, हा घरमालकांसाठी पैशांचा प्रश्न झाला आहे.

त्यावरचा एक उपाय म्हणून हीट रिकव्हरी व्हेंटिलेशनचं नाव घेतलं जातं. पण हे यंत्र बसवलं म्हणजे रेटिंग वाढेलच असं नाही. चुकीच्या घरात बसवलं, तर ते घसरूही शकतं.

हे यंत्र काय करतं?

थंडीत खिडक्या बंद असतात. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि श्वास यांची वाफ घरातच राहते. खिडकी उघडली, तर वाफेसोबत ऊबही बाहेर जाते. हे यंत्र किचन आणि बाथरूममधली दमट, उबदार हवा बाहेर टाकतं आणि बाहेरची ताजी हवा बेडरूम, हॉलमध्ये सोडतं. दोन्ही हवा यंत्रात एकमेकींच्या शेजारून जातात, पण मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यांमधून उष्णता मात्र आत येणाऱ्या हवेला मिळते. चांगलं यंत्र बाहेर जाणाऱ्या उष्णतेपैकी 80 टक्के किंवा त्याहून जास्त परत आणतं.

मग रेटिंग का अडतं?

कारण ईपीसीवरचं अक्षर मुख्यतः खर्चावर ठरतं. 'सॅप' नावाच्या सरकारी पद्धतीने घराचा हीटिंग, गरम पाणी, दिवे आणि पंखे यांचा वर्षाचा खर्च काढला जातो. त्यावरून घराला गुण मिळतात. 69 ते 80 गुण म्हणजे 'सी', 55 ते 68 म्हणजे 'डी'.

गोची इथेच आहे. यंत्र जी उष्णता वाचवतं, ती बहुतेक घरांत गॅसची असते. यंत्राचे पंखे मात्र विजेवर चालतात, आणि ब्रिटनमध्ये वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग आहे. शिवाय ऊब वाचते फक्त थंडीत, पंखे मात्र वर्षभर 24 तास सुरू असतात.

एक ढोबळ हिशेब करून बघू. समजा, घरात सेकंदाला 40 लिटर ताजी हवा येते, हीटिंगचे 5,000 तास आहेत आणि त्या काळात आतल्या-बाहेरच्या तापमानात सरासरी 12 अंशांचा फरक आहे. गॅस युनिटला 6 पेन्स, वीज 25 पेन्स धरू.

चांगलं यंत्र : 80 टक्के उष्णता परत, पंखे 40 वॉटचे. गॅसची बचत साधारण 154 पौंड, विजेचा खर्च 88 पौंड. वर्षाला 66 पौंडांचा फायदा.

साधारण यंत्र : 66 टक्के उष्णता परत, पंखे 80 वॉटचे. बचत 127 पौंड, विजेचा खर्च 175 पौंड. म्हणजे 48 पौंडांचा तोटा.

काम एकच, पण एका यंत्राने गुण वाढतील आणि दुसऱ्याने कमी होतील.

घरातल्या फटींचा काय संबंध?

यंत्रातून जाणाऱ्या हवेचीच ऊब परत मिळते. जुन्या घरात खिडक्या, दारं आणि फळ्यांच्या फटींमधून हवा आपोआप ये-जा करते. ती ऊब वाया जाते आणि वर पंख्यांचं बिल येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी फटी बुजवा आणि इन्सुलेशन करा, मग यंत्र बसवा. जवळपास हवाबंद बांधलेल्या 'पॅसिव्ह हाऊस' प्रकारच्या घरांत हेच यंत्र सर्वाधिक कामाचं ठरतं.

कागदपत्रं का जपायची?

जुन्या घरांची तपासणी 'आरडीसॅप' या संक्षिप्त पद्धतीने होते. यंत्राचं मॉडेल कळलं नाही, तर तपासनीस ठरावीक, कमी कार्यक्षमतेचे आकडे धरतो. जून 2025 पासून लागू झालेल्या 'आरडीसॅप 10'मध्ये मॉडेलची माहिती आणि हवाबंदपणाच्या चाचणीचा निकालही नोंदवता येतो. त्यामुळे बिल, मॉडेल नंबर आणि चाचणीचा कागद नसेल, तर चांगल्या यंत्राचेही गुण हातचे जाऊ शकतात.

मग यंत्र बसवूच नये का?

रेटिंग एवढाच हेतू असेल, तर इन्सुलेशनला आधी पैसे द्यावेत. पण हवा खेळती राहणं ही फक्त बिलाची गोष्ट नाही. डिसेंबर 2020 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीच्या दीर्घकाळ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा गंभीर आजार हे मृत्यूचं कारण असल्याचं 2022 मध्ये चौकशीत स्पष्ट झालं. त्या फ्लॅटमध्ये हवा खेळती राहण्याची पुरेशी सोय नव्हती. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना लागू झाला. ओल आणि बुरशीच्या धोकादायक तक्रारींवर घरमालक संस्थांना आता ठरलेल्या मुदतीत कारवाई करावी लागते.

ईपीसीवरचं अक्षर मात्र भिंतीवर बुरशी आहे का, हे सांगत नाही. उलट रेटिंगसाठी फटी बुजवल्या आणि हवेची दुसरी सोय केली नाही, तर ओल वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी घर भाड्याने घेताना 'सी' की 'डी' एवढंच पाहू नये. बाथरूमचा पंखा चालू करून बघावा, खिडक्यांचे कोपरे आणि कपाटामागची भिंत तपासावी आणि असं यंत्र असेल, तर त्याचे फिल्टर शेवटचे कधी बदलले, हेही विचारावं.